मुलाचा प्रयोग मुलालाच निवडू द्या

(संस्थेच्या विज्ञान प्रदर्शनानिमित्त भरलेल्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)





'विज्ञान आणि समाज' या विषयावर मी बोलावे, असे संस्थेने मला कळविले होते. विषय मोठा आहे, आणि मोठ्या विषयावर बोलणे तसे सोपे असते. कारण ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर काही करावे लागत नाही. म्हणून चिटणीससाहेबांची परवानगी घेऊन मी विषय लहान केला आहे. विज्ञान प्रदर्शनाची सूचना शाळेच्या फळ्यावर लागली की मूल घरी येते आणि विचारते, "अब्बा, मला प्रयोग करायचाय. कुठला करू?" या प्रश्नाला आपण काय उत्तर द्यावे, एवढाच आजचा विषय.

आपल्या घरांतून या प्रश्नाला साधारण तीन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर, "हे घे पैसे, दुकानात तयार मिळतो तो आण." दुसरे उत्तर, "तुझा मामा इंजिनिअरिंगला आहे, तो करून देईल." आणि तिसरे उत्तर, "मला काय कळतंय त्यातलं? मी शिकलोय कुठं?" पहिल्या दोन उत्तरांनी मुलाचे नुकसान होतेच, पण तिसऱ्या उत्तराने सर्वांत जास्त होते. त्या एका वाक्यात मूल दोन गोष्टी शिकते. आपल्या बापाला काही कळत नाही, ही एक. आणि विज्ञान नावाची चीज दुसऱ्या कोणाच्या तरी घरची आहे, आपल्या घरची नाही, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, हे तुम्हाला पटवून देण्यासाठी मी उभा आहे.

प्रतिकृती आणि प्रयोग

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. एका मुलाने धरणाची सुंदर प्रतिकृती मांडली होती. थर्माकोलच्या भिंती, निळा रंग, लहानसा पंप, लुकलुकणारे दिवे. मी त्याला विचारले, "बाळ, धरणाची भिंत वर अरुंद आणि तळाशी रुंद का असते रे?" मुलाने माझ्याकडे पाहिले नाही, त्याने मागे उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिले. शेजारच्या टेबलावर सहावीतली एक मुलगी दोन बाटल्या घेऊन बसली होती. दोन्ही बाटल्यांना वरपासून खालपर्यंत तीन तीन भोके. वरच्या भोकातून पाण्याची धार जवळ पडते आणि खालच्या भोकातून लांब जाते, हे तिने पट्टीने मोजून वहीत लिहून ठेवले होते. एक बाटली रुंद होती आणि एक अरुंद. पाण्याची उंची सारखी ठेवली तर धारेत विशेष फरक पडत नाही, हेही तिने पाहिले होते. माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन बाटल्यांत होते. पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब अधिक. म्हणून भिंतीचा पाया रुंद. परंतु गर्दी होती ती दिव्यांच्या टेबलापुढे.

प्रतिकृती करणे वाईट नाही. त्यात हाताचे कौशल्य येते. पण प्रतिकृती आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट दाखविते. प्रयोग ही गोष्ट वेगळी आहे. प्रयोग म्हणजे निसर्गाला विचारलेला प्रश्न. उत्तर काय येईल याची खात्री नसते, म्हणून तर तो विचारायचा. ज्या कामात उत्तर चुकण्याची शक्यताच नाही, त्याला प्रयोग म्हणता येत नाही.

हा भेद आपल्या पूर्वसूरींना चांगला ठाऊक होता. बसरा येथे इ. स. ९६५ च्या सुमारास जन्मलेला आणि पुढे कैरोमध्ये राहिलेला इब्न अल्-हैसम हा प्रकाशशास्त्राचा मोठा पंडित. त्याचा 'किताब अल्-मनाझिर' हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातील विद्वानांनी तो शतकानुशतके अभ्यासला. २०१५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून पाळले, तेव्हा जगभर त्याचे स्मरण झाले. त्याचा एक प्रयोग पाहा. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला एक लहान छिद्र, आणि छिद्राबाहेर ओळीने ठेवलेले काही दिवे. खोलीतल्या समोरच्या भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके उमटतात. आता एक दिवा झाकला. कोणता ठिपका गेला? त्याच दिव्याचा, बाकीचे जसेच्या तसे. दिवा उघडला, ठिपका परत आला. एवढ्यावरून त्याने दाखविले की प्रकाश सरळ रेषेत जातो आणि अनेक प्रकाश एकाच छिद्रातून जाताना एकमेकांत मिसळून जात नाहीत. साहित्य किती? दिवे, भिंत आणि एक छिद्र. पण विचार केवढा! एका वेळी एकच दिवा झाकायचा, हे त्यातले खरे शहाणपण. आज सातवीतल्या मुलाला तीन मेणबत्त्या आणि एक खोके दिले, तर मोठ्या माणसाला जवळ बसवून तो हाच प्रयोग करू शकतो.

बसऱ्याहून मिरजेला

इतक्या दूरचे उदाहरण ऐकून कोणी म्हणेल, ते हजार वर्षांपूर्वीचे झाले, आपल्याकडे काय आहे? तर आपण आपल्याच मिरजेला येऊ.

मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर जातो. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वाद्ये घडविणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रे घडविणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या कारागिरांची. तलवारींचा काळ संपत आला, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांच्या बंधूंनी तंतुवाद्यांकडे हात वळविला आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. त्यांच्यापुढे पाठ्यपुस्तक नव्हते. कोणता भोपळा घ्यायचा, किती वाळवायचा, लाकूड किती कोरायचे, हे त्यांनी करून पाहून, बिघडवून आणि पुन्हा करून ठरविले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला की आवाज कसा खुलतो, हे त्यांच्या कानाला पक्के ठाऊक होते. पुढे १९२१ च्या सुमारास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या अशा घोडीचा भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अभ्यास केला. तेच रामन, ज्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. कारागिराच्या घोडीत शास्त्रज्ञाला संशोधनाचा विषय सापडला, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगितली आहे का?

दुसरी गोष्ट याहून जवळची. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आपल्या संगीतातील बावीस श्रुती नेमक्या कोठे लागतात, हा त्यांच्या मनातला प्रश्न. नुसता वाद घालून तो सुटणारा नव्हता. स्वर मोजायला हवा होता. त्या कामी त्यांना साथ लाभली किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची. खाँसाहेबांचा स्वर आणि देवलांचे तारेवरचे मोजमाप, असा तो उद्योग होता. १९१० साली देवलांनी श्रुतींवरचे आपले पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. साताऱ्यात जिल्हा न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स हेही त्या कामात रस घेऊ लागले आणि १९१३ साली त्यांचेही पुस्तक निघाले. त्यांच्या निष्कर्षांवर भातखंड्यांसारख्या जाणकारांनी पुढे आक्षेप घेतले, आणि तेही योग्यच झाले. मोजलेल्या गोष्टीवरच नीट वाद घालता येतो. खाँसाहेब १९३७ साली पैगंबरवासी झाले आणि मिरजेच्या दर्ग्यात विसावले. दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. तेथे जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की हा गळा एका शास्त्रीय प्रयोगातही गायिला आहे?

आठवीच्या मुलाला हा प्रयोग करता येईल. एक फळी घ्यावी. तिच्यावर सतारीची एक तार दोन घोड्यांवर ताणून बसवावी आणि घोड्यांमधले अंतर ६० सेंटिमीटर ठेवावे. मोकळी तार छेडली की जो स्वर निघेल त्याला 'सा' म्हणावे. आता मध्ये एक सरकती घोडी घालून तार कमी कमी करावी, आणि ज्याला सुरांचा कान आहे अशा माणसाला, गाण्याच्या बाईंना किंवा मिलादमध्ये नात म्हणणाऱ्या एखाद्या मुलाला, डोळे मिटून ऐकायला सांगावे. तार 'सा' कोठे आला? पंचम कोठे? मध्यम कोठे? पट्टीने मोजावे. हिशोबाप्रमाणे तार 'सा' ३० सेंटिमीटरवर, पंचम ४० वर आणि मध्यम ४५ वर आला पाहिजे. मुलाचा आकडा ३९ येईल, ४१ येईल. तीन माणसांच्या कानांनी तीनदा घ्यावा आणि सरासरी काढावी. सुरांच्या मागे अपूर्णांक उभे आहेत, हे ज्या मुलाला स्वतःच्या हातांनी कळले, त्याला गणिताची भीती दाखविणे पुढे अवघड जाईल.

निवड कशी करावी?

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. मूल विचारते, "कुठला करू?" आपण उत्तर देऊ नये. आपण उलट विचारावे, "तुला कशाचं नवल वाटतं?" आणि मग त्याने जे सांगितले ते पाच कसोट्यांवर घासून पाहावे.

पहिली कसोटी, प्रश्न मुलाचा आहे का? त्याला तो आपल्या शब्दांत सांगता आला पाहिजे. आपल्या बऱ्याच घरांत बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी. मुलाला प्रश्न आपल्या दखनीत सुचला तर दखनीतच विचारू द्यावा. वहीत तो मराठीत किंवा उर्दूत लिहिण्याचे काम नंतरचे. प्रश्न सुचतानाच भाषेची भिंत उभी केली तर प्रश्न बाहेर येतच नाही.

दुसरी कसोटी, त्याचे उत्तर करून पाहिल्याने मिळेल का? "आकाश किती मोठे आहे?" हा प्रश्न चांगला, पण घरच्या प्रयोगाचा नव्हे. "पाणी उन्हात लवकर आटते की वाऱ्यावर?" हा प्रयोगाचा.

तिसरी कसोटी, काही मोजता येते का? सेंटिमीटर, ग्रॅम, मिनिटे, थेंब, अंश, किंवा निदान संख्या. "चांगले वाढले" असे लिहिण्यापेक्षा "सहाव्या दिवशी ११ सेंटिमीटर" असे लिहिता आले पाहिजे.

चौथी कसोटी, एका वेळी एकच गोष्ट बदलते का? इब्न अल्-हैसमने एकच दिवा झाकला, तो हा नियम. एक रोप उन्हात ठेवले आणि त्यालाच जास्त पाणीही घातले, तर ते कशाने वाढले हे अल्लालाच माहीत. आपल्याला सांगता येणार नाही.

पाचवी कसोटी, तो घरात, आठ-दहा दिवसांत, थोड्या पैशांत आणि धोक्याशिवाय होतो का. आणि पुन्हा करता येतो का? एकदाच झालेली गोष्ट योगायोग असू शकते. निदान तीन वेळा करण्याइतकी सवड असावी. म्हणून प्रदर्शन उद्यावर आले असताना आज रात्री प्रयोग निवडू नये.

वयाचाही विचार हवा. पाचवी-सहावीच्या मुलाने पाहावे आणि मोजावे, एवढे पुरे. सातवी-आठवीच्या मुलाने एक गोष्ट बदलून परिणाम पाहावा. नववी-दहावीच्या मुलाने त्याचा आलेख काढावा आणि असे का झाले असावे, याचा तर्क लिहावा.

आपल्या आडनावांतले प्रयोग

सातारा-सांगलीकडे आपली आडनावे म्हणजे धंद्यांच्या पाट्याच आहेत. बागवान, अत्तार, तांबोळी, नदाफ, पिंजारी, मोमीन, मणेर, शिकलगार. आज त्यांतले अनेकजण नोकरीत आहेत, परदेशी आहेत. पण घरात आजोबा असतील तर त्यांना विचारा. प्रत्येक आडनावात एक तरी प्रयोग दडलेला आहे.

नदाफ आणि पिंजारी मंडळींचा पाहा. गादी जुनी झाली की आतला कापूस बसतो आणि ती थंडीत ऊब देत नाही. तोच कापूस पिंजून घेतला की पुन्हा ऊब येते. कापसाचे वजन तेवढेच. मग वाढले काय? मुलाने तीन सारखे स्टीलचे पेले घ्यावेत. एक उघडा ठेवावा. दुसऱ्याभोवती ५० ग्रॅम पिंजलेला कापूस सैल गुंडाळावा. तिसऱ्याभोवती तेवढाच कापूस दाबून, दोरीने आवळून बांधावा. तिन्हींत सारखेच गरम पाणी मोठ्या माणसाने ओतावे आणि तोंडावर सारखेच पुठ्ठ्याचे झाकण ठेवावे. मग दर पाच मिनिटांनी, अर्धा तास, तापमान टिपावे. कोणता पेला आधी निवतो? कापूस ऊब देतो, की त्यात अडकलेली हवा? उत्तर मी सांगत नाही, थर्मामीटर सांगेल. पण हा प्रयोग करणारी मुलगी जेव्हा आजोबांना विचारील, "नाना, कापूस का पिंजायचा?" तेव्हा त्या घरात आजोबा शिक्षक होतील. ही गोष्ट मला बक्षिसापेक्षा मोलाची वाटते.

बागवानांच्या घरातला प्रश्न असा. आंबा अढीत घातला की लवकर पिकतो. का? अढीतल्या उष्णतेने, की आणखी कशाने? आंब्याचा हंगाम नसेल तर केळी घ्यावीत. एकाच फणीतली नऊ कच्ची केळी. तीन उघड्यावर, तीन कागदी पिशवीत बंद, आणि तीन तशाच पिशवीत एका पूर्ण पिकलेल्या केळ्यासह. तिन्ही एकाच खोलीत, सावलीत ठेवावीत. रोज ठरलेल्या वेळी कोणते केळे किती पिवळे झाले ते लिहावे. पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते आणि तो वायू शेजारच्या फळालाही पिकवतो. बंद जागेत तो कोंडून राहतो. अढीचे गुपित बरेचसे त्यात आहे. मात्र कार्बाइडचा प्रयोग मुलांनी मुळीच करू नये. कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ते हाताळणेही धोक्याचे आहे.

तांबोळ्यांच्या पानाच्या चुन्यात आणि सांगलीच्या हळदीत असाच एक प्रयोग आहे. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर लावावी आणि कागद सावलीत वाळवावा. त्याच्या पट्ट्या कापाव्यात. साबणाचे पाणी, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी लागली की पट्टी लालसर होते. लिंबू, चिंच, ताक लागले तर पिवळीच राहते. इथपर्यंत पुष्कळ मुले करतात. पण एवढ्यावर थांबू नये, मोजावे. दहा दहा मिलिलिटर निवळ साबणपाणी घेऊन त्यात लिंबाचा रस थेंब थेंब टाकत जावे, आणि पट्टी लाल होण्याचे केव्हा थांबते ते पाहावे. कोणत्या साबणाला किती थेंब लागले? अंगाच्या साबणाला कमी की कपड्यांच्या? घरात आई कोणत्या साबणाने हाताची आग होते म्हणते, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी मात्र घ्यावी.

आणि शेती असलेल्यांसाठी एक. वाळवा, पलूस, मिरज भागात उसाला बेसुमार पाणी देऊन कित्येक जमिनी क्षारपड झाल्या, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पाच बशांत ओल्या कापडावर प्रत्येकी वीस मूग ठेवावेत. पहिल्या बशीला साधे पाणी. बाकीच्यांना एका लिटरला ३, ६, ९ आणि १२ ग्रॅम मीठ घातलेले पाणी. रोज किती मोड आले ते मोजावे. सहा दिवसांनी आलेख काढावा. ज्या मुलाने हा आलेख काढला, तो उद्या बापाला विचारील, "अब्बा, आपण उसाला पाणी किती देतो?" त्याचा राग करू नका. या प्रश्नासाठीच आपण त्याला शाळेत घातले आहे.

पालकांनी किती मदत करावी?

एक साधी रीत सांगतो. धोका आपला, काम मुलाचे. उकळते पाणी, सुरी, मेणबत्ती, उंच जागा, ही जबाबदारी मोठ्या माणसाची. घरच्या विजेच्या जोडणीवर प्रयोग नको. कोरडे सेल वापरावेत. तीव्र आम्ल नको, फटाक्यांची दारू नको, आणि पाऱ्याचा थर्मामीटर नको, कारण तो फुटला तर पारा विषारी असतो. बाकी सारे, म्हणजे मोजणे, लिहिणे, सांडणे, पुसणे, हे मुलाने करावे. वहीतले अक्षर मुलाचे असावे. ते वेडेवाकडे असले तरी चालेल. परीक्षकाला वळणदार अक्षरामागचा मामा लगेच ओळखू येतो.

आणि आपण काय करावे? रोज संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर दहा मिनिटे त्याच्याजवळ बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत. आज काय केलेस? काय दिसले? उद्या काय दिसेल असे वाटते? हे तीन प्रश्न विचारायला दहावी पास असावे लागत नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. समजा, पुस्तकात एक लिहिले आहे आणि मुलाला दुसरेच आढळले. पंचम ४० ऐवजी ४३ वर आला. मिठाच्या पाण्यातले मूग साध्या पाण्यापेक्षा आधी उगवले. अशा वेळी घरातला एखादा शहाणा सांगतो, "अरे, पुस्तकातला आकडा लिहून टाक, मार्क जातील." मित्रहो, तेथे त्या मुलाच्या हातून विज्ञान जाते आणि इमानही जाते. आपण त्याला घरी सांगतो की खोटे बोलणे हा गुन्हा आहे, वजनात माप मारणे हा मोठा गुन्हा आहे. मग वहीत खोटा आकडा लिहिणे हे माप मारण्यासारखेच नव्हे काय? जे दिसले ते लिहावे. खाली लिहावे, "अपेक्षा अशी होती, आढळले असे; तार सैल असावी अशी शंका आहे, पुन्हा करून पाहिले." परीक्षकांनाही माझी विनंती आहे की अशा वहीला कमी गुण देऊ नका. बरोबर उत्तरापेक्षा खरे उत्तर मिळविणे कठीण असते.

माता-भगिनींसाठी दोन शब्द. स्वयंपाकघर ही घरातली पहिली प्रयोगशाळा आहे. पीठ आंबण्याला थंडीत किती वेळ लागतो आणि उन्हाळ्यात किती, कोणत्या डाळीला शिजायला किती पाणी, हे तुम्हाला जितके ठाऊक आहे तितके कोणाला ठाऊक नाही. तेथे रोज हातभार लावणाऱ्या मुलीला मात्र प्रदर्शनाच्या वेळी आपण सांगतो, "भावाला करू दे, तू मदत कर." असे करू नका. तिलाही तिचा स्वतःचा प्रश्न आणि तिची स्वतःची वही असू द्या. दहावीनंतर मुलीला विज्ञान शाखेला घालावे की नाही, हा प्रश्न पुढे प्रत्येक घरात येतो. त्या दिवशी तिच्या हातात स्वतः केलेल्या चार प्रयोगांची वही असेल, तर तिला आपली बाजू मांडायला पुरावा असेल.

पैशांची अडचण सांगणाऱ्यांना एक आठवण देतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली, आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवून स्वतःच्या कष्टाने शिकायला लावले. ज्या मातीत मुलांनी वसतिगृहासाठी दगड-माती वाहिली, त्या मातीत तीन पेले आणि पन्नास ग्रॅम कापूस मिळणे अवघड नाही. आणि मुलाची कल्पना खरोखर चांगली निघाली तर शिक्षकांमार्फत केंद्र शासनाच्या इन्स्पायर-मानक योजनेकडे ती पाठविता येते. निवड झाल्यास पुढील कामासाठी विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात. परंतु बक्षीस किंवा अनुदान हे नंतरचे. आधी प्रश्न हवा.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुम्हाला एक काम देतो. उद्यापासून सात दिवस, रोज एक, असे सात प्रश्न वहीत लिहा. घरातले, दुकानातले, शेतातले, रस्त्यावरचे; कोणत्याही बोलीत. सात दिवसांनी ते पाच कसोट्यांवर घासा. सातांपैकी एक तरी उरेल. तो तुमचा प्रयोग. त्याला कोणी हसले तर हसू द्या. शिक्षकांकडे घेऊन जा. आणि पालकहो, तुमच्या मुलाने आज घरी आल्यावर विचारले, "अब्बा, कुठला करू?" तर "मला काय कळतंय" हे वाक्य तेवढे तोंडातून काढू नका. म्हणा, "चल, दोघे मिळून बघू."

 आपल्या मुला-मुलींच्या इल्ममध्ये अल्लाह बरकत देवो, एवढी दुवा करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.